पाचवीपर्यंतचे दिवस

दिवाळी सरली की धुळे-जळगाव रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागतो. तो झाडाचा नसतो. जिनकडे, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्याकडे, निघालेले ट्रक मापाबाहेर भरलेले असतात, ताडपत्री सगळीकडे पुरत नाही, आणि रस्त्यावर झुकलेली प्रत्येक फांदी जाणाऱ्या ट्रकमधून आपला वाटा काढून घेते. पौषापर्यंत काट्याकाट्यावर पुंजके दिसू लागतात. पारोळ्याच्या पुढे ते विजेच्या तारांवरही असतात. एसटीच्या खिडकीतून येणाऱ्या गार वाऱ्याबरोबर एखादा तंतू आत येतो आणि प्रवाशाच्या बाहीवर बसतो. तो झटकला तरी निघत नाही, चिमटीनेच काढावा लागतो.

गेल्या आठवड्यात याच रस्त्याने धुळ्याला गेलो. एका दवाखान्यात परिचारिकांसाठी व्याख्यान होते आणि त्याची बातमी करायची होती. विषय होता दिवसांआधी जन्मलेली, कमी वजनाची बाळे. व्याख्यान संपल्यावर डॉक्टरांनी आम्हाला एका खोलीत नेले. चार बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. प्रत्येकीच्या छातीशी, पोलक्याच्या आत, एक बाळ उभे बांधलेले. बाहेरून फक्त टोपडे दिसत होते. एक बाई एका हाताने चहा पीत होती, दुसरी शेजारणीशी तिच्या नणंदेबद्दल बोलत होती. डॉक्टर म्हणाले, ही नवी पद्धत आहे. आईच्या अंगाची ऊब बाळाला मिळते आणि आईला बाळाची सवय होते. मी दोन्ही वाक्ये उतरवून घेतली. बातमी एक कॉलम झाली. पद्धत नवी आहे हे डॉक्टरांचे म्हणणे मी तसेच छापले, कारण बोलणारे ते होते. माझ्या माहितीप्रमाणे ती किमान नऊ वर्षे जुनी होती.

नऊ वर्षांपूर्वीची ती थंडी आमच्या भागात लोकांना अजून आठवते ती केळीमुळे. मी जळगावात एका दैनिकात उपसंपादक होतो आणि असोद्याहून रोज येऊन-जाऊन करत होतो. त्या पंधरवड्यात मी बहुतेक केळीच्याच बातम्या लिहिल्या. पाने पिवळी पडली, घड वाढेनात. शेतकरी पहाटे बागेच्या बांधावर ओला पालापाचोळा पेटवत, म्हणजे धूर खाली दबून राहतो आणि झाडांना थोडी ऊब लागते. सकाळच्या बसमधून रस्त्याच्या दोन्ही अंगांना तो धूर कमरेएवढ्या उंचीवर पसरलेला दिसे. बसमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाच्या मफलरला त्याचा वास असे.

आमचे घर तेव्हा कापसाने भरलेले होते. भाव वाढेल म्हणून आबांनी, म्हणजे वडिलांनी, माल विकला नव्हता. पुढची खोली आढ्यापर्यंत भरली, मग मधल्या खोलीत अर्ध्या भिंतीएवढा थर आला. कापूस भरलेल्या घराचा एक गुण बाहेरच्यांना माहीत नसतो. त्या घरात आवाज उमटत नाही. माणूस बोलतो आणि शब्द त्याच्या तोंडासमोरच खाली पडतो. स्वयंपाकघरातून मारलेली हाक ओसरीवर पोचत नाही. नवीन कापसाला सरकीचा तेलकट, ओलसर वास असतो आणि त्यात आठवडाभर राहिले की कपड्यांना, भाकरीला, उशीलाही तोच वास येऊ लागतो.

माझी धाकटी बहीण विमल त्या घरात बाळंतपणाला आली होती. तिचे सासर धरणगावकडे. आदल्या वर्षी पहिले बाळंतपण सासरीच झाले होते आणि तो मुलगा चौथ्या दिवशी गेला होता. पाचवी पुजण्याचे सामान आणून ठेवलेले होते, ते तसेच परत फडताळात गेले. पाचव्या दिवशी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचे पुढचे सगळे लिहून जाते, असे आमच्याकडे मानतात. विमलच्या मुलासाठी तिला यावे लागले नाही. या वेळी माहेरी आल्यावर विमल त्याविषयी एक शब्द बोलली नाही. वांगी भाजायला बसली, कपाशीच्या काड्यांचा जाळ नीट करत राहिली, भरताबरोबर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी दोन जणींची खाल्ली. माय म्हणाली, "खाऊ द्या तिले. आता तिचं एकटीचं पोट नही."

दिवस भरायला महिना-सव्वा महिना बाकी असताना, एका सोमवारी दुपारी, मुलगी झाली. मी कचेरीत होतो. सायंकाळी घरी आलो तेव्हा मायने ओसरीवरच सांगितले, "पोर झाली. लहान हाये. कापसात ठेवली."

कापसात ठेवणे ही आमच्या गावातली जुनी रीत. अपुऱ्या दिवसांचे मूल झाले की पहिल्या वेचणीचा, काडी-कचरा नसलेला कापूस घ्यायचा, हाताने सरकी काढायची, बोटांनी पिंजायचा, टोपलीत भरायचा आणि त्यात मूल ठेवायचे. नाक-तोंड तेवढे उघडे. मायने हे सगळे तासाभरात केले होते. टोपली मधल्या खोलीत, गंजीच्या पायथ्याशी, वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात होती. मी वाकून पाहिले तर आधी काही दिसलेच नाही. मग पांढऱ्यात एक लालसर ठिपका दिसला, तो तिचा चेहरा होता. ती रडत होती, पण त्या खोलीत तिचा आवाज टोपलीच्या काठापर्यंतच येत होता.

विमलची बाज पलीकडच्या खोलीत होती, खाली निखाऱ्यांची शेगडी. ती भिंतीकडे तोंड करून निजली होती. मी विचारले, बरी आहेस ना. ती म्हणाली, "बरी हाये भाऊ."

"पाहिलंस का?"

"नही. पाचवी होऊ दे. मंग पाहीन."

मायने मला डोळ्यांनीच बाहेर यायला सांगितले. बाहेर आल्यावर म्हणाली, "तिनं पोरगा हाये का पोरगी, ते बी नही इचारलं. मी सांगाले गेली, तर कानावर हात ठेवले. राहू दे. पाच दिवस जाऊ दे."

या निर्णयात कोणाला काही गैर वाटले नाही. मलाही नाही. एक बाई एका मुलाचे तोंड चार दिवस पाहून मग ते मनातून पुसू शकली नव्हती, ती दुसऱ्यांदा ती जोखीम घ्यायला तयार नव्हती. हिशेब सरळ होता. तिला विश्रांती मिळत होती, मुलीला कापूस मिळत होता, आणि दोघींच्या मध्ये एक भिंत होती. माय कापसाची वात शेळीच्या दुधात भिजवून मुलीच्या ओठांशी धरत होती. विमलला पहिले दूध, चीक, आला होता. तो जड असतो, लहान पोटाला सोसत नाही, म्हणून तो पिळून राखेत टाकला जात होता. तेही रीतीप्रमाणेच.

त्याच दिवशी गोठ्यातली म्हैस व्याली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात खरवस झाला. मी दोन वड्या खाऊन कचेरीत गेलो आणि केळीबागांना धुराने कशी ऊब देतात यावर अर्ध्या कॉलमाचा मजकूर लिहिला. धूर का टिकतो, किती वेळ टिकतो, पाने ओली का लागतात, हे सगळे मी तीन शेतकऱ्यांना विचारून घेतले होते. घरातल्या टोपलीविषयी मी कोणालाही काही विचारले नव्हते. हे मी आज लिहू शकतो, कारण ते आता निभावले आहे.

मंगळवारी दुपारी मला कचेरीतून घरी बोलावणे आले. मुलगी वात ओढत नव्हती. माय आणखी कापूस घालत होती. टोपली काठोकाठ भरून वर शीग आली होती. मी हात आत घातला. कापूस कोरडा आणि मऊ होता, आणि आत कुठेही ऊब नव्हती. पाय हाताला लागला तो रांजणातल्या पाण्यातून काढलेल्या पेल्यासारखा होता. मी आजवर लिहिलेल्या कोणत्याही गोष्टीची मला इतकी पक्की खात्री नव्हती, जितकी त्या क्षणी त्या पायाच्या गारठ्याची होती.

शेजारच्या नानांची जीप होती. टोपली मायच्या मांडीवर. विमलला मायने हाताला धरून बसवले. ती म्हणत होती, "मी काबरं? तुम्ही जा घिऊन." माय म्हणाली, "डॉक्टर इचारतीन ते मी काय सांगू? बस चुपचाप." विमल दुसऱ्या टोकाला, खिडकीकडे तोंड करून बसली. असोदा ते जळगाव रस्ता लहान आहे. वाटेत केळीच्या बागा होत्या, कापसाच्या बैलगाड्या होत्या. एका गाडीला वाट द्यायला नानांनी जीप थांबवली तेव्हा टोपलीवरचा कापूस वाऱ्याने उडाला आणि विमलच्या पदरावर बसला. तिने तो एकेक तंतू काढून बाहेर टाकला. टोपलीकडे पाहिले नाही.

दवाखान्यात काचेची पेटी एकच होती आणि तीत आधीपासून एक मूल होते. डॉक्टरांनी मुलीला तपासले, एक सुई दिली, पेटी मोकळी झाली की ठेवू असे सांगितले आणि तोवर काय करायचे ते मोठ्या सिस्टरांवर सोडून ते पुढच्या रोग्याकडे गेले. या सिस्टर पिंपळनेरकडच्या. पन्नाशीच्या, उंच, जळगावात इतकी वर्षे काढूनही आपली अहिराणी न सोडलेल्या. त्यांनी टोपली टेबलावर घेतली आणि कापूस मुठीमुठीने काढून खाली टाकू लागल्या.

माय म्हणाली, "बाई, ऊब जाईन तिची."

"कोनती ऊब, अक्का?" सिस्टर थांबल्या नाहीत. "कापूसले सोतानी ऊब नही ऱ्हास. आपन त्याले देवो, ती तो धरी ठेवस. ह्या पोरना आंगमा ऊबच नही शे, मंग कापूस काय धरी ठेवी?"

जन्मभर कापूस पिकवणाऱ्या बाईला हे दुसऱ्या जिल्ह्यातल्या बाईने सांगावे, आणि तेही तिच्याच कापसाविषयी, हे मायला लागले. ती म्हणाली, "आमच्याकडं आसंच ठेवता." पण आवाज खाली आला होता.

यापुढचा भाग पडद्याआड झाला. मी बाहेरच्या बाकावर होतो. बोलणे मला ऐकू आले, बाकीचे मायने नंतर सांगितले. सिस्टरांनी विमलला खाटेवर टेकून बसायला सांगितले आणि पोलके सोडायला लावले. विमलला काय होणार ते कळले तेव्हा ती म्हणाली, "मी नही घेत. मले नका देऊ."

"काबर?"

मायने सांगितले, आधीचा मुलगा, चौथा दिवस. मला वाटले, आता समजावणे सुरू होईल. तसे झाले नाही.

सिस्टर म्हणाल्या, "बरं. तू माय नको व्हऊ."

मग म्हणाल्या, "पेटी व्हय. मनी पेटी भरेल शे. ती रिकामी व्हयनी की मी पोरले ली जासू. तवर तू फक्त पडी ऱ्हाय. पोरकडे दखू नको, बोलू नको. पेटी काय बोलस का?"

विमल म्हणाली, "पेटी रिकामी झाली की घिऊन जासान?"

"लगेच."

त्यांनी मुलीला टोपडे घातले, एक फडके लावले आणि उघडीच तिच्या छातीवर उभी ठेवली. जुन्या लुगड्याच्या पट्टीने दोघींना बांधले. वरून पोलके, शाल आणि माझा स्वेटर. माय म्हणते, मुलीच्या पापण्यांना आणि भुवयांना कापसाचे तंतू चिकटलेले होते. विमलने डोळे मिटून घेतले होते, म्हणून ते तिला दिसले नाहीत. तिला पहिल्यांदा लागले ते पाय. पोटावर दोन गार पाय टेकले तेव्हा ती दचकली आणि म्हणाली, "किती गार हाये हे."

सिस्टरांनी उत्तर दिले नाही. पेटीशी कोणी बोलत नाही.

मायला काहीतरी भरपाई करायची होती. तिने पिशवीतून डबा काढला आणि सिस्टरांपुढे धरला. घरून निघताना एवढ्या घाईतही तिने तो घेतला होता. सिस्टरांनी उभ्या उभ्या एक वडी खाल्ली. "खरवस शे का? गोड शे." दुसरी घेतली. मग विचारले, "पोरले काय पाजं?"

"शेळीचं दूध. चीक टाकून देल्ला."

सिस्टरांनी डब्यात पाहिले. "म्हैसना चीक वड्या करी खातस, आनी बाईना राखमा टाकी देतस. कोनी शिकाडं तुमले?" असे म्हणून त्यांनी तिसरी वडीही खाल्ली. त्या दुपारी चमच्याने थेंब थेंब करून चीक मुलीच्या पोटात जाऊ लागला. विमलने तो देताना भिंतीकडे पाहिले, पण दिला.

माणसाच्या मनात काय होते हे बातमीत लिहिता येत नाही. पाहिलेले लिहिता येते. बुधवारी सकाळी मी गेलो तेव्हा विमलचे तोंड भिंतीकडेच होते, पण उजवा हात शालीच्या आत होता. दुपारी गेलो तेव्हा ती मायला सांगत होती की पट्टी सैल झाली आहे, डाव्या अंगाला घसरते. काय घसरते ते तिने म्हटले नाही. संध्याकाळी खाटेजवळच्या खिडकीची एक काच फुटकी असल्याची तक्रार तिने माझ्याकडे केली आणि तिथे लावायला पुठ्ठा आणायला सांगितला. मी कचेरीतल्या रद्दी अंकांचाच जाड पुठ्ठा करून लावला. ती आतल्या बाजूच्या ओळी वाचत राहिली आणि म्हणाली, "भाऊ, तुझ्या पेपरात निस्ती केयीच राहते का?"

गुरुवारी सकाळी पेटी रिकामी झाली. तो चौथा दिवस होता. तारीख-वार रोज पहिल्या पानावर लावणे हे माझे काम होते, म्हणून मला ते विसरणे शक्य नव्हते. सिस्टर आल्या, हात पुसत म्हणाल्या, "दे बाई. पेटी मोकळी व्हयनी. तुनं काम सरनं."

विमल म्हणाली, "आता नका."

"कबूल व्हतं ना तुले?"

"आत्ता निजली ती. तुम्ही हलवसान तर उठीन." मग जरा थांबून, "तुमच्या पेटीत थंडी लागीन तिले. लाइट गेली तर काय करसान?"

सिस्टरांनी मुलीच्या तळपायाला हात लावला, मान हलवली आणि गेल्या. दुपारी दुसरेच एक मूल पेटीत आले. गुरुवार होता हे मी बोललो नाही. मायही बोलली नाही. दिवसभर आम्ही दोघे त्या खोलीतून कारण नसताना आत-बाहेर करत होतो. मी तीनदा चहा आणला. विमल पट्टी, शाल, चमचा, पुठ्ठा यांत गुंतलेली होती. सायंकाळी तिला झोप लागली आणि दोघींचे श्वास शालीखाली एकाच वेळी वर-खाली होताना दिसले. मी रात्रपाळीला कचेरीत गेलो. शुक्रवारचा अंक लावताना वार लिहिला आणि तो दोनदा तपासला.

धुळ्याच्या त्या खोलीतल्या चार बायांपैकी एकीने मला विचारले होते, तुम्ही काय लिहून घेताय. मी म्हटले, हे जे तुम्ही करताय ते. ती म्हणाली, "आम्ही काय करतोय, बसलोय नुसत्या." मी तेही लिहून घेतले होते, पण कॉलमात जागा नव्हती.

शुक्रवारी माय पहिल्या बसने असोद्याहून आली. पिशवीत पाचवीचे सामान होते. नारळ, गूळ, हळद-कुंकू, कापडाचा तुकडा, दिवा. विमलने विचारले, "हे काय आणलं?"

"पाचवी ना आज."

"आज पाचवा?" विमलने बोटे मोजली. एका हाताने मुलीला धरलेले होते, म्हणून दुसऱ्या हाताची बोटे अंगठ्याने मोजली. पुन्हा मोजली. "मंग काल चौथा व्हता?"

"हो," माय म्हणाली.

विमलने शालीची कड खाली केली आणि आत पाहिले. आम्ही दोघे तिथे आहोत हे तिला त्या वेळी आठवत नसावे. पापणीवर अजून एक तंतू राहिला होता, तो तिने बोटाच्या टोकाने काढला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच मी कोणाला इतका सावकाश हात हलवताना पाहिले.

मायने खाटेजवळच्या स्टुलावर पूजा मांडली. सटवाईला लिहायला कोरा कागद आणि लेखणी लागते. कागद तिने आणला होता, पेन माझे घेतले. म्हणाली, "तुझं नही, तिचं तरी काही चांगलं लिहू दे या पेनानं." कागदावर पेन ठेवून तिने हात जोडले.

तेवढ्यात सिस्टर रोजच्याप्रमाणे वजनाचा काटा घेऊन आल्या. विमलने पट्टी सोडली आणि मुलीला स्वतःच्या हातांनी काट्यात ठेवले, हात काट्याखाली धरून. सिस्टरांनी वाचले आणि लिहायला इकडेतिकडे पाहिले. समोर कोरा कागद होता, वर पेन होते. त्यांनी ते उचलले आणि त्या कागदावर वजन लिहिले.

माय कळवळली. "बाई, तो कागद सटवाईचा हाये."

"मंग काय व्हयनं?" सिस्टरांनी खाली एक रेघ ओढली. "तिले बी वाचता येस."

विमल हसली, मुलीला परत छातीशी घेता घेता, पट्टी दातात धरून. मग पट्टी सोडून तिने सिस्टरांना विचारले, "किती भरली?"

मुलीविषयी तिने विचारलेला तो पहिला प्रश्न.

"काल व्हती तितलीच," सिस्टर म्हणाल्या. "कमी नही व्हयनी."